छत्रीवाला तानाबे साके चाखतो

५ जानेवारी

चिझुरू आज दुपारच्या गाडीने तोक्योला परत गेली. दर वेळी कोपऱ्यावर वळून हात हलवते, आज वळली नाही. मी काय वाईट बोललो? "विचार करून सांगतो," एवढंच. एकुलत्या एका मुलीच्या बापाने विचारही करू नये का?

झालं ते असं. नव्या वर्षाच्या पहिल्या सकाळी आम्ही तिघं नात्तो-मोची, म्हणजे नात्तो घातलेले तांदळाचे चिकट गोळे, खात बसलो होतो. चिझुरूने बातमी फोडली. मुलगा पसंत केलाय. नाव होशी तेप्पेई. शेतकी विद्यापीठात तिच्याच वर्गात होता. बरं. फोटो दाखवला, उंचापुरा आहे. बरं. घरचा धंदा आहे, पिढीजात. फारच बरं. धंदा कसला? तर आइझूच्या डोंगरात साके करतात, तांदळाची दारू.

माझ्या जेवायच्या काड्या हवेतच राहिल्या.

आम्ही नेमोतो. मितोमध्ये आजोबांपासून नात्तो करतो. सोयाबीन शिजवायचं, पेंढ्यात बांधायचं, उबेला ठेवायचं, चांगली लांब तार सुटली की विकायचं. आणि साकेवाल्यांना थंडीभर जगात एकाच गोष्टीची धास्ती असते, ती म्हणजे आम्ही. आमच्या नात्तोचा जिवाणू त्यांच्या वाफवलेल्या तांदळावर बसला की कोजीची बुरशी धरत नाही, सगळा घाणा चिकट होऊन वाया जातो. ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत तिथलं माणूस नात्तोला शिवत नाही, नात्तोच्या घरात पाऊल टाकत नाही.

म्हणजे मुलगी तिकडे दिली की थंडीभर तिला माहेर बंद. नवीन वर्षाला इथे मी आणि हिसाए, दोघं म्हातारे, समोरासमोर बसून मोची चावणार. मला हे सहन होणार नाही. हे मी चिझुरूला बोललो नाही. तिला म्हटलं, धंद्याचा प्रश्न आहे.

९ जानेवारी

हिसाए म्हणते, "अहो, न बघता नाही कशाला म्हणता? जाऊन बघून तरी या."

मी म्हटलं, "जाईन तर मुलीचा बाप म्हणून जाणार नाही. बापापुढे सगळे शहाण्यासारखे वागतात. गुपचूप जाईन."

त्या कुराचं संकेतस्थळ उघडून बघितलं. कुरा म्हणजे त्यांचं साके करायचं कोठार. दर शनिवारी प्रवाशांना हिंडवून दाखवतात, मग सोबत बसून साके चाखवतात, कसं चाखायचं ते शिकवतात. पाहुण्याचं नाव तेवढं मागतात. मी 'तानाबे' म्हणून नोंदवलं. कुणी विचारलंच तर चिबाहून आलो, छत्र्यांचा व्यापार, लग्न केलं नाही. छत्र्या मी मुद्दाम निवडल्या. छत्रीवाल्यावर कुणाला संशय येत नाही.

सगळं हिसाएला सांगितलं तर ती स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ तिकडून खोकल्याचा आवाज येत राहिला. थंडी बाधलेली दिसते.

१३ जानेवारी

मेहुण्याच्या घरी मुक्काम. हा हिसाएचा हट्ट. म्हणे कारखान्याच्या आवारात राहून तिकडे जाल तर लोकांचा वर्षाचा माल नासवाल. तेही खरं. माझं वैर असलं तरी मी कुणाच्या घाण्यावर उठणारा माणूस नाही. नात्तो बंद. दिवसातून दोनदा अंघोळ, नखं ब्रशने घासायची. बनियनपासून टोपीपर्यंत सगळे कपडे कोरे, तेही तिनेच आणले. केस धुवायची पद्धतसुद्धा सांगितली. हिला एवढं बारकाईने कुठून कळलं? टीव्हीवर दाखवलं म्हणे. हल्ली टीव्हीवर काहीही दाखवतात.

सकाळी समोर भात आला आणि सोबत लोणचं. फक्त लोणचं. मी भाताकडे बघत राहिलो. जेवलो, पण जेवल्यासारखं वाटलं नाही.

१५ जानेवारी, आइझू

बर्फ कमरेएवढा. कोरियामा स्टेशनवर गाडी बदलताना नव्या बुटांनी टाच सोलली. उतरलोय ती खानावळवजा छोटी जागा आहे, मालकीणबाई बोलक्या. उद्याच्या नाश्त्याला काय, विचारलं. म्हणाल्या, "भाजलेला मासा, मिसो सूप, अंडं. नात्तो आमच्याकडे थंडीत मिळायचं नाही हं." मी म्हटलं, "मला काय करायचंय नात्तो! मी छत्र्या विकतो."

जरा जोरात बोललो की काय?

१७ जानेवारी, परतीच्या गाडीत

डोकं अजून जड आहे. तरी सगळं क्रमाने लिहितो.

काल दुपारी कुरावर गेलो. दारावरच पाटी, 'आज नात्तो खाल्लेल्यांनी कृपया आत येऊ नये.' कृपया हा शब्द बारीक अक्षरांत. आम्ही चौघे पाहुणे होतो. कोबेचं एक तरुण जोडपं, ओसाकाचे एक जाडजूड गृहस्थ, आणि मी. फिरवून दाखवणाऱ्या बाईंचं नाव सादायो-सान. साठीच्या, ठेंगण्या, पांढरा एप्रन, आवाज शाळेच्या घंटेसारखा. कुराने ही बाई नोकरीला ठेवली हे त्यांचं नशीब.

दारात प्रत्येकाला विचारत होत्या. माझ्यापाशी आल्या.

"तानाबे-सान ना? छत्र्यांचे?"

मी अजून छत्र्यांचं अक्षरही काढलं नव्हतं. चेहऱ्यावरूनच व्यापारी दिसत असेन.

"नात्तो?"

"आज नाही."

"काल?"

"काल नाही. परवा नाही. तेरवा नाही." माझा आवाज जरा कापला.

सादायो-सान माझ्याकडे बघत राहिल्या. इतरांना नुसतं "या" म्हणाल्या होत्या, मला वाकून म्हणाल्या, "फार सोसलंत. या, आत या." छत्रीवाल्याने नात्तो सोडलं यात सोसण्यासारखं काय, हे मला कळलं नाही. पण बाई मायाळू.

आत एक उंच पोरगा ट्रेमध्ये पांढरे कप लावत होता. मी फोटोवरून ताबडतोब ओळखला. तेप्पेई! त्याने मात्र मला ओळखलं नाही. नमस्कार करताना इतका वाकला की ट्रे कलंडला आणि दोन कप जमिनीवर गडगडले. सादायो-सान ओरडल्या, "अरे, कंबर वाकव, ट्रे नको!" पोरगा धांदरट आहे, अशी मी मनात नोंद केली.

मग कोजीच्या उबेच्या खोलीकडे निघालो. सादायो-सान म्हणाल्या, "आजपासून आत कुणालाच न्यायचं नाही असं ठरलंय. काचेतून बघा."

ओसाकावाले तणतणले. "आत नेतात असं लिहिलंय की! मी त्यासाठीच एवढ्या लांब आलो."

"तुम्हाला एक बाटली घरी न्यायला देते. मग तर झालं?"

"दोन."

"बरं, दोन. ओसाकाची माणसं दारातच भाव करतात."

माझ्या जिवात जीव आला. मला आत जायचंच नव्हतं. एवढी अंघोळ करूनसुद्धा धाकधूक होतीच.

काचेतून तेप्पेई दिसत होता. अंगात पातळ गंजी, लाकडी मेजावर तांदूळ पसरलेला. तो बोटांनी ढेकळं फोडत होता, आणि मधूनमधून हाताची पाठ तांदळाला लावून थांबत होता. तळवा नाही, पाठ. मीसुद्धा पाठच लावतो. तळव्याला ऊब कळत नाही, तो कामाने राठ झालेला असतो. मग त्याने कोपऱ्यातलं कापड ओढून तांदूळ पांघरला, कडा खोचल्या, आणि निघता निघता वरून एकदा थोपटलं. मीही निघताना पेंढ्यांना थोपटतो. हिसाए हसते मला. मी काचेला इतका चिकटून उभा होतो की नाकाचा ठसा उमटला. ज्यांना आयुष्यभर शत्रू समजलो, ते आमचंच काम करतात, हे मला कुणी आधी का सांगितलं नाही?

मग चाखायला बसलो. मला शेगडीजवळची जागा दिली. प्रत्येकापुढे पाच कप, तळाशी निळी दोन वर्तुळं काढलेली. सादायो-सान म्हणाल्या, "आधी कपात बघा. निळं स्वच्छ दिसलं पाहिजे. मग नाक. मग थोडंसं जिभेवर, वर हवा ओढा, आवाज झाला तर होऊ दे, इथे कुणी सोयरीक करायला आलेलं नाही." इथे तेप्पेईला ठसका लागला. "मग या भांड्यात थुंका."

बाकीचे थुंकले. मी नाही. कुणीतरी तांदूळ धुतला, वाफवला, पांघरला, थोपटला, आणि मी तो थुंकायचा? आमच्या घरात अन्न थुंकत नाहीत.

पहिलं साके या थंडीतलं, नुकतंच पिळलेलं. जीभ जराशी टोचत होतं. सादायो-सान म्हणाल्या, "ही पोर अजून मनात काही ठेवत नाही, तोंडावर बोलते." दुसरं उन्हाळाभर मुरलेलं, गोलसर. तिसरं कोमट करून दिलं, त्याला भाताच्या पेजेचा वास. चौथं त्यांनी काही न सांगता ठेवलं आणि म्हणाल्या, "तुम्ही सांगा."

कोबेची मुलगी म्हणाली, "पेअरसारखं." ओसाकावाले म्हणाले, "महागासारखं."

मी म्हटलं, "पहाटे उबेच्या खोलीचं दार उघडल्यावर पहिला वास येतो ना, माल साधला की नाही ते ज्याच्यावरून कळतं, तसं."

सगळे माझ्याकडे वळले. मी घाईघाईने म्हटलं, "म्हणजे, छत्र्यांच्या गोदामाचं म्हणतोय मी."

"हो, तर," सादायो-सान गंभीरपणे म्हणाल्या. "छत्र्यांनासुद्धा ऊब लागतेच."

सोबत छोट्या बशीत खायला होतं. सगळ्यांच्या बशीत शिताके मशरूम, माझ्याच बशीत नाही, त्याऐवजी मुळा. मी शिताके खात नाही, तेव्हा हा योगायोग बरा झाला. आणि माझा कप रिकामा झाला की तेप्पेई हजर. मीही बाटली उचलून त्याला ओतलं. कामावर असलेल्याने प्यायचं नसतं. त्याने कप दोन्ही हातांत धरला, सादायो-सानकडे बघितलं. त्यांनी मान हलवल्यावर एका घोटात प्यायला आणि कानापर्यंत लाल झाला.

कोबेच्या मुलीने विचारलं, "थंडीभर इतकं काम, तर तुम्ही माहेरी कधी जाता हो?"

सादायो-सान हसल्या. "माहेर? लग्न होऊन आले ती थंडीत. तेव्हापासून नवीन वर्ष माहेरी केलं नाही. पहिल्या तारखेलासुद्धा तांदूळ वाफवावा लागतो, त्याला सण कळत नाही. वडील फोनवर ओरडायचे, मोची काय पोस्टाने पाठवू का तुला?" मग रिकामा कप पुसत म्हणाल्या, "ते गेले तेही जानेवारीत. घाणा अर्ध्यावर होता. मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. उन्हाळ्यात जायचे हो मी दर वर्षी. पण उन्हाळ्यात नवीन वर्ष नसतं ना."

एवढं बोलून त्यांनी पाचवी बाटली उचलली आणि घंटेच्या आवाजात म्हणाल्या, "चला, आता गोड!"

 मी पाचवा कप एका दमात रिकामा केला.

नंतर ओसाकावाल्यांनी तोंड उघडलं. "नात्तोला घाबरता ते बरोबरच आहे. तो सडका पदार्थ माणसं खातात तरी कशी? मोज्यांचा वास!"

यानंतर मी थोडंसं बोललो. थोडंसंच असावं. सोयाबीनचा दाणा केवढा असावा, किती वेळ भिजवावा, पेंढा कुठला चांगला, एवढंच आठवतं. उभा राहून बोलत होतो बहुतेक, कारण शेगडीवरची किटली माझ्या धक्क्याने पडली. ओसाकावाले शेवटी म्हणाले, "बरं बाबा, खातो, उद्याच खातो, पण खाली बसा!" आणि कुणीतरी टाळ्या वाजवत होतं. तेप्पेई असावा.

पुढचं धूसर आहे. पण मी कोण हे मात्र कुणाला कळू दिलं नाही, याची खात्री आहे.

आज सकाळी खानावळीच्या मालकीणबाई म्हणाल्या, "काल कुराच्या मुलाने तुम्हाला पाठीवर घेऊन आणलं. एवढ्या बर्फातून! वाटभर तुम्ही 'माझी चिझुरू, माझी चिझुरू, नवीन वर्षाला मी कुणाबरोबर जेवू' म्हणत होतात."

मी म्हटलं, "चिझुरू माझी मांजर आहे."

"आणि तो मुलगा रडत होता हो."

थंडीत डोळ्यांतून पाणी येतंच. पण पाहुण्याला पाठीवर पोचवायचं म्हणजे सेवा उत्तम. खांदे मजबूत असावेत.

स्टेशनवर सादायो-सान स्वतः आल्या होत्या, बाटली घेऊन. "बाईसाहेबांना नमस्कार सांगा." मी लग्न केलेलं नाही, हे बहुतेक त्यांच्या लक्षात राहिलं नसावं. दर शनिवारी नवे पाहुणे येतात बिचाऱ्यांकडे.

१८ जानेवारी

घरी. तीन वाट्या नात्तो खाल्लं. पहिल्या घासाला डोळे भरून आले.

हिसाएने विचारलं, "कसा आहे मुलगा?"

"धांदरट आहे. कप पाडतो."

"आणि?"

"हाताची पाठ लावतो."

तिने माझा चहा पुढे सरकवला.

मुलगा वाईट निघाला असता तर काम सोपं होतं. एक फोन, एक नकार, थोडी रडारड. आता काय करू? मुलगा चांगला, काम आमच्याच जातीचं, साके उत्तम. आणि तरीही जानेवारीत माझ्या घरात ती नसणार. मी हो म्हटलं तर तिची एकेक थंडी माझ्या हाताने देऊन टाकल्यासारखं होईल. नाही म्हटलं तर ती कोपऱ्यावर कधीच वळून बघणार नाही.

२६ जानेवारी

पेंढे बांधताना सारखं सादायो-सानचं बोलणं डोक्यात येतं. उन्हाळ्यात नवीन वर्ष नसतं. हिसाएला म्हटलं, "ती बाई एवढी हुशार, पण हे तिच्या डोक्यात कसं आलं नाही?"

"काय?"

"नात्तो साधलं की नाही हे मी कॅलेंडर बघून ठरवतो का? तयार झालं की तयार झालं. सगळे जमले नाहीत तर नवीन वर्ष तयार झालं असं कोण म्हणतो?"

हिसाए हातातलं काम टाकून माझ्याकडे बघत राहिली. इतक्या वर्षांत तिने माझ्याकडे असं दोन-तीनदाच बघितलं असेल.

संध्याकाळी चिझुरूला फोन केला. हो म्हणालो. एक अट घातली आणि ती समजावून सांगितली. पलीकडे आधी रडणं, मग हसणं, मग दोन्ही एकदम. "बाबा, लोक वेड्यात काढतील तुम्हाला."

"काढू देत. मी नात्तोवाला आहे. ओसाकात तसंही वेड्यातच काढतात."

१ जानेवारी

भिंतीवरचं कॅलेंडर १८ एप्रिल म्हणतंय. म्हणू दे.

आइझूतला शेवटचा तांदूळ वाफवून झाला, कढया धुऊन पालथ्या पडल्या, त्यांची बंदी उठली. मी कालच दाराशी नवीन वर्षाच्या रीतीने पाइनच्या फांद्या उभ्या केल्या. उशिरा फुलणाऱ्या चेरीच्या पाकळ्या त्यांच्यावर येऊन पडत होत्या. समोरचे ओनो-सान दात घासत बाहेर आले, फांद्या बघून तसेच ब्रश तोंडात धरून आत गेले आणि बायकोला घेऊन आले. मी दोघांना नवीन वर्षाच्या शुभेच्छा दिल्या. त्यांनीही दिल्या. दुसरं काय करणार?

दुपारी चिझुरू आली, तेप्पेई आला आणि त्याची आई. मी दार उघडलं आणि गार पडलो. सादायो-सान! चाखवणाऱ्या बाईच विहीणबाई निघाल्या! पण देव पाठीशी होता, त्यांनी मला ओळखलं नाही. तेव्हा मी टोपी घातली होती ना.

बसल्यावर मात्र म्हणाल्या, "तुम्हाला कुठेतरी पाहिल्यासारखं वाटतं."

"चेहरे असतात सारखे."

"छत्र्यांचे एक व्यापारी आले होते आमच्याकडे. फार प्रेमळ गृहस्थ. वासाचं नाक तर असं, की आमच्या कुरात तसं कुणाचं नाही."

मी विषय लगेच बदलला नाही. त्या गृहस्थांबद्दल आणखी दोन-तीन प्रश्न विचारले. चिझुरू तोंडावर उशी धरून का बसली होती कोण जाणे. हिसाए आणि विहीणबाई तर पहिल्याच भेटीत एकमेकींना टाळ्या देत होत्या. बायकांचं सूत लगेच जुळतं.

जेवायला तेप्पेईपुढे नात्तो ठेवलं. ऑक्टोबरनंतरचं त्याचं पहिलंच. त्याने तार ओढून बघितली, वास घेतला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "बाबा, पहाटेचा वास." मग चार वाट्या खाल्ल्या. धांदरट आहे, पण पोट चांगलं आहे.

मग नात्तो-मोची. पहिली वाटी विहीणबाईंना दिली आणि रीतीप्रमाणे म्हटलं, "नवीन वर्षाच्या शुभेच्छा. या वर्षीही माया असू द्या."

त्यांनी वाटी घेतली. एक घास खाल्ला. मग वाटी मांडीवर ठेवून खाली बघत बसल्या. शाळेच्या घंटेसारख्या त्या बाईच्या तोंडून आवाज फुटेना. तेप्पेई म्हणाला, "आई?" मला वाटलं नात्तोत मोहरी जास्त पडली, मी पाणी पुढे केलं. त्यांनी पाणी घेतलं नाही. एप्रन नव्हता, म्हणून हाताच्या पाठीनेच डोळे पुसले.

"नेमोतो-सान," त्या हळूच म्हणाल्या, "पुढच्या वर्षीही पहिली तारीख एप्रिलमध्येच ना?"

मी म्हटलं, "या घरात आता ती तिकडेच राहायला गेली आहे."

हिसाएने त्यांच्या वाटीत आणखी एक मोची टाकली.